नाल्यापलीकडचं भांडण

मिसलीवर, म्हणजे कचेरीच्या दप्तरातल्या कागदांवर, उंदीर येऊन बसला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि अनंतरावांच्या आयुष्यात साडेदहा वाजता कधी काही घडत नसे. उंदीर धावत आला आणि थबकला असंही नव्हे. कचेरीतल्या जुन्या कागदांच्या खोलीत, जिला सगळे मुहाफिजखाना म्हणत, वरच्या फळीवरच्या बस्त्यांवरून तो ताडी प्यायल्यासारखा घसरत खाली आला. मेजावर चार पावलं तिरका चालला, दौतीला वळसा घालून अनंतरावांसमोर उघड्या पडलेल्या मिसलीच्या मधोमध बसला आणि त्यांच्याकडे बघू लागला. उंदरानं माणसाकडे असं बघायचं नसतं. माणूस दिसला की पळायचं, एवढा एक साधा कायदा दोघांमध्ये पिढ्यान् पिढ्या चालत आलेला. अनंतरावांना वाटलं, याला काहीतरी सांगायचं आहे. मग त्याची मान कलली, तोंडातून रक्ताचा एक थेंब आला आणि मौजे तामसीच्या कुठल्याशा जमिनीच्या वाटणीवर पडला. थेंब सुकेपर्यंत अनंतराव बघत राहिले. हातातला बोरू तसाच वर होता. उंदीर असा पडला म्हणजे काय, हे त्या मुलखात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. जांघेत नाहीतर बगलेत गाठ, ताप, आणि गावानं गाव सोडून रानात झोपड्या बांधायच्या. आता उठायचं, दारात जायचं आणि म्हणायचं, प्लेग आला. दोनच शब्द. अनंतरावांनी तोंड उघडलं, ओठ ओले केले, पुन्हा मिटलं. मग कोरा कागद ओढून घेऊन कैफियत लिहायला बसले.

लिहिण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. उर्दूची शिकस्ता, ती धावती लिपी, अशी लिहीत की वरचे सरिश्तेदारसुद्धा कागद डोळ्यांपासून लांब धरून आधी फक्त बघत, वाचत नंतर. ही लिपी त्यांना आवडायचं एक कारण होतं, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्यात अर्धी अक्षरं गिळायची सोय होती. काना, मात्रा, सगळं वाचणाऱ्यानं समजून घ्यायचं. अनंतराव बोलतही तसेच. शब्द निघे, पण त्याचं शेपूट आतच राही. कचेरीत लोक त्यांच्याशी बोलताना पुढे वाकून कानाला हात लावत. घरी सरोजिनीबाई अठरा वर्षांच्या सवयीनं भुवयांवरून समजत. उजवी वर गेली म्हणजे पाणी, दोन्ही वर गेल्या म्हणजे पाहुणे. हे कुठून आलं ते अनंतरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांचे वडील तामसीला शेती करत, आणि त्यांचा आवाज असा की अर्ध्या कोसावरच्या शेतातून त्यांनी "अंत्या" म्हणून हाक मारली की गावातले सगळे कुत्रे आणि दोनचार दुसरे अंत्या उठून उभे राहत. अनंतराव सहा वर्षांचे असताना असाच प्लेग आला होता. गाव रानात गेलेलं, वडील गुरांसाठी पलीकडच्या शेतात राहिलेले, आणि रोज सकाळी पलीकडून ती हाक यायची. अख्ख्या गावादेखत. सहा वर्षांचा अंत्या लाजेनं कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून बसायचा. ओ द्यायचा नाही. पुढं वडील चांगले वीस वर्षं जगले आणि ओरडले, तेव्हा त्यात रडण्यासारखं काही नव्हतं. फक्त त्या गंजीतून अनंतराव पूर्ण असे कधी बाहेर आलेच नाहीत.

'एक रास उंदीर, मुर्दा, बरोज इमरोज, बर मिसल', म्हणजे आज मिसलीवर एक उंदीर मेला, अशी ती कैफियत सरिश्तेदारांकडे गेली. संध्याकाळी घरी येताना शेजारच्या ओट्यावर मथुराबाई वांगी निवडत बसल्या होत्या. मागच्या वाडीतला भाजीपाला आणि घरातली ज्वारी विकून जगणारी बाई, विधवा. सोबत नणंद सोजरबाई, तीही विधवा. दोन घरांमध्ये भिंत एक, आणि त्या भिंतीच्या पायथ्याशी मथुराबाईंची नाली. नालीचं पाणी अनंतरावांच्या ओट्याखाली मुरायचं. सहा वर्षांपूर्वी अनंतरावांनी त्याबद्दल काय केलं असेल? उर्दूत दरख्वास्त दिली. मथुराबाईंना बोलावणं आलं, कागद त्यांना वाचता येईना, म्हणून त्यांनी तो भर बाजारात एका मुनशीकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि त्यात आपली नाली 'मूजिब-ए-तकलीफ', म्हणजे त्रासाचं कारण, आहे हे ऐकलं. तेव्हापासून त्यांनी या घराशी बोलणं टाकलं. नालीबद्दल त्यांना तितकं वाटलं नव्हतं. दोन हातांवर राहणाऱ्या माणसानं तोंडानं न सांगता सरकारच्या हातून सांगितलं, याचं वाटलं होतं. हे त्यांनी साऱ्या गल्लीला सांगितलं, फक्त अनंतरावांना सांगितलं नाही, कारण बोलणं बंद होतं. तर त्या संध्याकाळी अनंतराव ओट्यापाशी थांबले. भिंत एक आहे. उंदरांना भिंत कसली. यांच्या घरात ज्वारीची कणगी. एवढं सांगून टाकावं. मथुराबाईंनी वांग्यावरून नजर वर केली, हे काय थांबलंय ते बघितलं, आणि वांगं उलटून त्याचं बूड तपासू लागल्या. अनंतराव खाली बघून पुढे निघाले. घरी गेल्यावर त्यांनी सरोजिनीबाईंना सांगायचा प्रयत्न केला. दोन्ही भुवया वर गेल्या, मग उजवी, मग दोन्ही. सरोजिनीबाईंनी पाहुण्यांसाठी पाणी भरून ठेवलं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मिसल परत आली. सरिश्तेदारांचा शेरा होता : उंदीर नर की मादी, खुलासा व्हावा, मुर्दा पेश केला जावा. मुर्दा अनंतरावांनी पहिल्याच दिवशी चिमट्यानं उचलून लांब नेऊन जाळला होता. तोवर मुहाफिजखान्यात आणखी अकरा पडले होते, बाजारात किती ते कुणी मोजलं नव्हतं, आणि त्याच दुपारी मथुराबाईंच्या घरातून सोजरबाईंच्या कण्हण्याचा आवाज आला. ताप. जांघेत सुपारीएवढी गाठ. मग मात्र गाव असं उठलं की संध्याकाळच्या आत गाड्या भरल्या. कुलुपं लागली, मारुतीच्या देवळालासुद्धा. एकटे अनंतराव कुलूप लावताना उगीच पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिले. दोन दिवस आधी आपल्याला कळलं होतं, त्यांच्या मनात चाललं होतं. अठ्ठेचाळीस तास. त्यात नर की मादी.

गावापासून कोसभर लांब कापूस वेचून मोकळ्या झालेल्या शेतात पऱ्हाट्यांच्या नि कडब्याच्या झोपड्या पडल्या. सरकारी पंचांगातला बहमन महिना, ऐन थंडी. अंगावर उन्हाची एक बाजू भाजायची आणि दुसरी काकडायची. शेताच्या कडेनं एक रुंद नाला होता, वाळूच फार, मधून गुडघाभर पाण्याची धार. आदिलाबादहून आलेल्या डॉक्टरांनी घोड्यावरूनच दोन हुकूम दिले. सगळ्यांनी दंडात सुई टोचून घ्यायची, आणि ज्यांना ताप त्यांच्या झोपड्या नाल्याच्या पलीकडे, दारं पलीकडच्या बाजूला तोंड करून. तिकडे जायचं त्यानं जावं, पण एकदा गेलेल्यानं शेवटचा ताप उतरल्यावर दहा दिवस होईपर्यंत इकडे यायचं नाही. डॉक्टर पुढच्या गावाला गेले. मागे कंपाउंडर भगवानराव राहिला. तो एक दिवसाआड तोंडाला फडकं बांधून पलीकडे जायचा आणि परत आल्यावर पाच गावांची जबाबदारी असल्यामुळे कुणाशी दोन शब्दांपलीकडे बोलायचा नाही. धारेच्या मधोमध एक सपाट दगड होता. त्यावर भाकरी, कोरड्यास ठेवून मागे सरायचं, मग पलीकडच्यांनी येऊन न्यायचं. पलीकडे चार झोपड्या. एकीत सोजरबाई. त्यांच्याबरोबर धडधाकट मथुराबाई गेल्या. वाडीतले दोन भोपळे काखोटीला मारून, मागे वळून न बघता. त्यांना अडवायची कुणाची छाती झाली नाही.

आणि तिकडून आवाज येईना. बायका काठावर जाऊन हाका मारत : मथुराबाई, कशी हाये सोजर? जेवली का? उत्तर नाही. दगडावरची भाकरी जाई, म्हणजे कुणीतरी नेतं. पण मथुराबाई की कोल्हा, हे कळायला मार्ग नव्हता. दारं पलीकडे, माणसं दिसत नाहीत. भगवानरावाला विचारलं तर तो म्हणाला, जिंदा आहेत, पण त्याचा तो शब्द एक दिवसाआडचा, शिळा. पुढे कळलं ते असं की मथुराबाईंचा त्या चौकशीवरच राग होता. रोज उठून 'जिवंत हायेस का' विचारणं म्हणजे यमाला पत्ता सांगणं, असं त्यांचं म्हणणं. चौथ्या दिवशी सरोजिनीबाईंनी अनंतरावांना समोर बसवलं आणि सांगितलं, की एक भिंतीचे शेजारी आपण, तुम्ही जा. अनंतरावांच्या भुवयांनी बरंच काही मांडलं. सरोजिनीबाईंनी त्या दिवशी भुवया वाचल्या नाहीत.

कचेरी अजून चालू होती, म्हणून अनंतराव शेरवानी आणि रूमी टोपी घालूनच काठावर उभे राहिले. मागे बायका, पोरं, दोन बकऱ्या. समोर वाळू, धार, पुन्हा वाळू, आणि चार झोपड्यांच्या चार पाठी. त्यांनी श्वास घेतला. काय म्हणायचं? कशा आहात, हे त्यांना या जन्मात म्हणता येणार नव्हतं. अशी चौकशी माणसानं केली की ती पुढे पायात घुटमळत राहते. शिवाय आपण कोण विचारणार. अठ्ठेचाळीस तास. घशात सहा वर्षांची एकच गोष्ट तयार होती, तीही उर्दूत. ती त्यांनी शोधली, तिच्यावरची अदब काढली, आणि तोंड उघडलं. जो आवाज निघाला त्याला ते स्वतःच दचकले. तो त्यांचा नव्हताच. तो तामसीच्या शेतातला होता, अर्ध्या कोसाचा. बकऱ्या पळाल्या.

"मथुराबाई, तुमच्या नालीचं पानी माह्या ओट्याखाली येते."

मग पलीकडच्या तिसऱ्या झोपडीच्या आडून उत्तर आलं, आणि त्या आवाजापुढे वडिलांचा आवाज म्हणजे कुजबुज.

"येते तं येऊ दे. सहा सालापासून येऊन राह्यलं. तेव्हा जीभ कोन्या पेटीत ठेवली होती? आता इथं मी माह्या नणंदेच्या उशाशी बसून राह्यली, तिनं रातच्याला दोनदा पेज मागतली, अंग निवालं थोडसंक, आन् तुमाले नाली सुचून राह्यली? भोपळा संपला माह्या घरचा, पीठ आजच्या पुरतं हाये, आन् मानूस काय इचारते तं नाली."

अनंतरावांना पुढं काही बोलायची गरजच नव्हती. पाठीमागे बायकांमध्ये एक उसासा पसरत गेला. दोनदा पेज मागितली. अंग निवलं. पीठ आजपुरतं. कुणीतरी लगेच पीठ आणायला पळालंसुद्धा. सरोजिनीबाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या होत्या. घरात अठरा वर्षं एक बंद पेटी असावी आणि तिच्यातून अचानक नगारा निघावा, तसं काहीसं त्यांच्या डोळ्यांत होतं.

मग तो नेमच पडला. रोज सकाळी कचेरीत जायच्या आधी अनंतराव काठावर यायचे. आंघोळ करताना, डोक्यावर तांब्या ओतता ओतता, ते आज नालीचं कुठलं अंग काढायचं याचा विचार करायचे. नालीचा उतार. नालीतलं शेवाळ. पावसाळ्यात नालीतून त्यांच्या अंगणात आलेला बेडूक, जो खरं तर आलाच नव्हता. मथुराबाई प्रत्येकाला पुरून उरत, आणि त्या उत्तरांच्या पोटात सगळं असे : सोजरला आज गाठ फुटली, बरं झालं. शेजारच्या झोपडीतल्या म्हातारीला ओकारी थांबेना. पांघरूण कमी पडते. भगवानराव काठावर पाटी-पेन्सिल घेऊन उभा राहू लागला. 'तुमच्या बेडकाले म्या तूपरोटी देऊन पोसलं, पन त्या म्हातारीले औषद कोन देईन' हे ऐकून त्यानं त्याच सकाळी औषध नेलं. गर्दी वाढली. लोक लवकर आंघोळी उरकून जागा धरू लागले. अनंतरावांना हे सगळं आवडत होतं का? हा प्रश्न ते कचेरीच्या वाटेवर स्वतःला विचारत. छातीत एक प्रकारची ऊब राहायची, ओरडून झाल्यावर तासभर. गळा खरवडलेला, कान गरम, आणि पाय जमिनीला लागलेले. मग मुहाफिजखान्यात बसल्यावर ती ऊब हळूहळू ओसरे आणि खालून तेच वर येई. या बाईला मी दोन दिवस आधी सांगितलं असतं तर तिची नणंद इथं नसती. मी जिला रोज हसवतो, म्हणजे चिडवतो, तिला मीच तिथं पोचवलं. मथुराबाईंनी एखाद्या दिवशी नाली सोडून हेच विचारलं तर? पण त्या विचारत नव्हत्या. त्यांना ठाऊकच नव्हतं. भांडणात ज्याच्याकडे खरा मुद्दा आहे त्याला तो ठाऊक नसावा, यानं अनंतरावांना भयंकर अवघडल्यासारखं होई. जिंकणाऱ्याचे पत्ते आपल्याच खिशात असल्यासारखं.

लोकांनी मग पलीकडची दुसरी माणसंही त्यांच्याकडे सोपवली. चौथ्या झोपडीत उत्तमराव होते, कापडाचे दुकानदार, एकटेच. बायको-मुलं नसलेले, मानी. हाकेला ओ देणं त्यांना कमीपणाचं वाटे. अनंतरावांनी बराच विचार करून एका सकाळी त्यांना ऐकवलं की तुम्ही कापड मोजता तो तुमचा हात चार बोटं आखूड आहे, साऱ्या बाजाराला ठाऊक आहे. लगेच आतून आलं, आखूड तुमची पाठ हाये, म्हनून अंगरखा लांब वाटते. लोक हसले. दुसऱ्या दिवशी उत्तमराव म्हणाले, येतो तिकडे तं मोजून दावतो. तिसऱ्या दिवशी आवाज बारीक, पण हात पुराच असल्याचा दावा कायम. चौथ्या दिवशी अनंतराव म्हणाले, उत्तमराव, तुमचा हात आखूड हाये. मग पलीकडून, शांतपणे, समोरासमोर बसून बोलावं तसं उत्तर आलं.

"हो. आखूडच हाये."

काठावर कुणी हसलं नाही. पाचव्या दिवशी अनंतरावांनी तीनदा हाक घातली, आणि त्यानंतरही, झोपडीकडे पलीकडचीच माणसं सरणाची लाकडं नेताना दिसेपर्यंत, ते हात पुराच असल्याचं ओरडून सांगत होते. तुमचा हात पुरा हाये, उत्तमराव. पुरा हाये. त्या दिवशी ते कचेरीत गेले नाहीत. झोपडीच्या सावलीला बसून राहिले. ओरडण्यानं माणूस जगत नाही, हे त्यांना कळत होतं. पण उत्तमराव हरले त्या सकाळी ते एकटे नव्हते, कुणाशी तरी हरले, हेही खरं होतं. हे जमेत धरायचं की खर्चात, त्यांना ठरवता येईना.

त्यानंतर पाचच दिवसांनी मथुराबाई गप्प झाल्या.

अनंतरावांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, नालीच्या उतारापासून. उत्तर नाही. शेवाळ काढलं. बेडूक काढला. पलीकडे कावळा ओरडला तेवढंच. काठावरच्या बायका एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. मग अनंतरावांनी जे जे आठवेल ते ओरडायला सुरुवात केली. तुमची वांगी किडकी. तुमच्या ज्वारीत खडे. तुमचा भोपळा आतून पोकळ. सहा वर्षांत न बोललेली, कधी मनातही न आलेली खोटीनाटी निंदा ते त्या झोपडीच्या पाठीवर फेकत होते, आणि प्रत्येक वाक्यानंतरची शांतता वाढत होती. हो म्हणू नका, एवढंच त्यांच्या डोक्यात चाललं होतं. काहीही करा, पण हो म्हणू नका. एका क्षणी त्यांना दिसलं की आपले पाय ओले झालेत. आपण धारेत आहोत. शेरवानीचं टोक पाण्यावर तरंगत होतं. मागून सरोजिनीबाईंनी हाक मारली, भगवानराव ओरडला की हुकूम आहे, हुकूम आहे. आयुष्यभर हुकमाला कागदासारखं घडी घालून ठेवणारे अनंतराव त्या सपाट दगडाला धरून पलीकडे निघाले. टोपी पडली. ती वाहत गेली ते त्यांनी बघितलं आणि सोडून दिलं.

वाळू चढून ते झोपडीला वळसा घालून दारासमोर आले. दारात मथुराबाई बसल्या होत्या. धडधाकट. हातात पळी. तोंड उघडत होतं, मिटत होतं, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, डोळ्यांतून आग निघत होती, आणि आवाज म्हणून जे बाहेर येत होतं ते फुटक्या भात्यासारखं हवेचं फुसफुसणं. पंधरा दिवस नाल्यापलीकडे बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता. पार बसला होता. त्या मघापासून वांग्यांचं, ज्वारीचं, भोपळ्याचं, सगळ्याचं उत्तर देत होत्या आणि ते कुणालाही ऐकू जात नव्हतं. आत पऱ्हाट्यांच्या भिंतीला टेकून सोजरबाई बसल्या होत्या, हाडांचा सापळा पण बसलेल्या, आणि तोंडाला पदर लावून हसत होत्या. अनंतराव तिथंच वाळूत बसले. मथुराबाईंनी पळी त्यांच्याकडे रोखली.

"भोपळा पोकळ?" त्या फुसफुसल्या.

पलीकडून भगवानराव ओरडला की आता गेलात तर जे काय दहा दिवस ते तिथंच काढा, इकडे पाऊल टाकू नका. ते दहा दिवस पुढे सरळ गेले. सोजरबाई वाचल्या, म्हातारीही वाचली, होळीच्या आधी गाव परत भरलं, आणि मारुतीचं कुलूप किल्ली हरवल्यामुळे फोडावं लागलं. पण त्या सकाळी हे काहीच ठाऊक नव्हतं. काठावर अख्खं गाव उभं होतं आणि त्याला बातमी हवी होती. मथुराबाईंनी अनंतरावांना दंड धरून उठवलं, झोपडीच्या आडून बाहेर, सगळ्यांना दिसेल असं उभं केलं, स्वतः शेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कानात बोलू लागल्या. अनंतराव आधी काही न कळल्यासारखे बघत राहिले. मग पळीचा एक ठोसा बरगडीत बसला.

"मथुराबाई म्हनून राह्यल्या," अनंतराव ओरडले, "का त्याईचा घसा बसला हाये. सोजरबाई बऱ्या हायेत."

काठावरून असा आवाज उठला की झाडावरचे पोपट उडाले. मथुराबाईंच्या श्वासानं कान पुन्हा गरम झाला.

"म्हनून राह्यल्या, का हा अनंतराव मोठा घुमा मानूस हाये."

लोक हसू लागले. कान गरम.

"शेजाऱ्याले तोंडानं सांगत नाई. कागदानं सांगते. याच्या तोंडाले सरकारी मोहर लागली हाये."

हे सगळं ते आपल्याच आवाजात, पोटातून ओरडून, आपल्याबद्दल सांगत होते. आणि गंमत अशी की प्रत्येक वाक्याबरोबर आतून काहीतरी हलकं होत होतं, जसं जुन्या बस्त्यांची धूळ कुणीतरी भर उन्हात झटकावी. घुमा. खरं आहे. तोंडानं सांगत नाही. खरं आहे. मथुराबाई दम घ्यायला थांबल्या. कान मोकळा झाला. पण अनंतराव थांबले नाहीत. पुढचं वाक्य कुणी सांगितलेलं नव्हतं, तरी ते तयार होतं.

"हे मथुराबाई नाई म्हनत," ते ओरडले, "हे मी म्हनतो. गाव सोडायच्या दोन दिवस आधी माह्या मेजावर उंदीर मेला. मले कळलं होतं. मी कोनाले सांगतलं नाई. कागद लिहिला. मथुराबाईच्या ओट्यापाशी थांबलो, तरी बोललो नाई. सांगतलं असतं तं सोजरबाई इथं आली नसती."

हसणं थांबलं. नाल्याच्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला, जो इतके दिवस कुणी ऐकलाच नव्हता. अनंतराव समोर बघत उभे राहिले. त्या गर्दीत त्यांना सरोजिनीबाईंचं हिरवं लुगडं दिसत होतं, चेहरा दिसत नव्हता. शेजारी मथुराबाई अजिबात हलल्या नाहीत. पळी येईल, असं त्यांना वाटलं. यावी, असंही वाटलं. मग कानाशी पुन्हा गरम वारा आला. मथुराबाई अगदी हळू बोलत होत्या, आणि घसा बसल्यामुळे नव्हे.

"माह्या कनगीत त्याच्या आदल्या दिवशी तीन पडले होते," त्या म्हणाल्या. "म्या सुपात घेतले आन् तुमच्या ओट्यापाशी आली, सांगावं म्हनून. मंग म्हटलं, आपलं तं बोलनं बंद हाये. परत गेली. वाडीत पुरले." आत सोजरबाई खोकल्या. "हे नोका ओरडू."

अनंतरावांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच इतक्या जवळून. त्या समोर, पाण्याकडे बघत होत्या. हातातली पळी खाली गेली होती. डोळ्यांखाली पंधरा दिवसांचं जागरण काळं होऊन बसलं होतं. अनंतरावांना काहीतरी म्हणायचं होतं, मोठ्यानं नव्हे, त्यांच्या जुन्या, शेपूट गिळलेल्या आवाजात, आणि ते त्यांनी म्हटलं. काय ते मथुराबाईंनाच ऐकू गेलं. त्यांनी मान डोलावली.

पलीकडे लोकांचा धीर सुटत चालला होता. काय म्हणते मथुराबाई, काय म्हणते, अशी चुळबुळ वाढली. शेवटी सरोजिनीबाईंनीच तोंडाजवळ दोन्ही हात नेले आणि हाक मारली. त्यांचाही आवाज चांगला होता, अनंतरावांना आज कळलं.

"अहो, काय म्हनून राह्यल्या त्या?"

अनंतरावांनी छाती भरून घेतली.

"मीठ संपलं म्हन्तात," ते ओरडले. "मीठ पाठवा."

सरोजिनीबाई झोपडीकडे गेल्या, परत आल्या आणि धारेत उतरून दगडावर मिठाचं मडकं ठेवलं. मग मागे सरून काठावर उभ्या राहिल्या. अनंतराव ते घ्यायला वाळूतून खाली गेले. मडकं काठोकाठ भरलेलं होतं, दोन घरांना महिनाभर पुरेल एवढं.